बेसवाल्याची बोटं

आमच्या ऑर्केस्ट्रातला बेस गिटारवाला बेस कायम बोटांनीच वाजवायचा. "वरण-भात चमच्यानं खाता व्हय?" हा त्याचा ठरलेला सवाल. लीड गिटारवाल्याचा मात्र हट्ट, की तारा पिकनंच, म्हणजे प्लास्टिकच्या तिकोनी चकतीनंच, छेडायच्या. करमाडच्या एका लग्नात दोघं मांडवातच इतके भांडले, की मी ड्रमच्या काड्या उगारल्या. शेवटी बेसवाल्यानं लीडवाल्याची पिक मुकाट्यानं घेतली.

कार्यक्रम संपल्यावर लीडवाला छाती फुगवून म्हणाला, "बघा, आज बेस कसा खणखणीत वाजला! पिकची कमाल हाय ही."

बेसवाला पिकनं दात कोरत होता. दुपारच्या नान-कलियातल्या मटणाचा अडकलेला धागा निघाल्यावर त्यानं पिक शर्टाला पुसून परत दिली.

"लई कामाची चीज हाय. कार्यक्रमभर खिशातच राहिली, आत्ता आठवली."