राखेनं घासलेला आरसा

अवकाशातली ऊब मोजणारी यंत्रं मी बनवतो, असं सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी हसायची. मी हसू द्यायचो. मला माझं काम येत होतं आणि ते येतं हेही पक्कं ठाऊक होतं. कुणी त्याला घमेंड म्हटलं तरी माझी हरकत नव्हती. तारे जन्मतात ती ठिकाणं धुळीत दडलेली असतात. डोळ्यांना तिथं अंधारच दिसतो, पण तिथली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते. हवेच्या जाड थराखालून ती नीट सापडत नाही, म्हणून आम्ही दुर्बीण प्रचंड फुग्याखाली बांधून हैदराबादहून वर सोडायचो. वरचा वारा तिला पश्चिमेकडं न्यायचा आणि काम संपलं की ती हवाई छत्रीनं कुणाच्या तरी शेतात उतरायची.

ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी वर्षी, ऐन हिवाळ्यात, ती नळदुर्गजवळ उतरली. उड्डाण फसलं होतं. दुर्बीण वळवणारं चाक वरच्या थंडीत अडकलं आणि धुळीचा जो ढग बघायचा होता तो समोर आलाच नाही. दुसरा फुगा तीन आठवड्यांनी सुटणार होता. तो हुकला तर पुढच्या हिवाळ्यातला फुगा दुसऱ्या गटाला जाईल, हे आमच्या प्रमुखांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात.

सगळी मदार आरशावर होती. मोठ्या परातीएवढा, अल्युमिनियमचा. दीड वर्ष खपून मी तो स्वतःच्या हातांनी घासून घडवला होता आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

सकाळी दहाच्या सुमारास आमची जीप शेतात शिरली. दुर्बिणीचा सांगाडा तुरीच्या वाळल्या धसकटांत कलंडला होता आणि आरसा लखलखत होता. जवळ गेलो तर त्यावर गोल गोल ओरखडे. शेजारी त्या शेतातली बाई पदर खोचून उभी, पायाशी राखेची पाटी.

"कुणी सांगितलं तुम्हाला हात लावायला?" मी ओरडलोच. "एवढं मोठं लिहिलंय ना वर, हात लावू नये म्हणून?"

"मला वाचता येत न्हाय, साहेब," ती म्हणाली. "मातीनं बरबटली व्हती परात. पानी कुठनं आणू? टँकर चार रोजाला येतोय. म्हून राखेनं कोरडीच घासली. राख वस्त्रगाळ केली व्हती, खडा न्हाय राहू दिला. मधल्या भोकात राख जाईल म्हून बोळाबी घातला."

मी बोळा उपसला. त्या भोकाखाली उष्णता टिपणाऱ्या आमच्या संवेदकाची पातळ खिडकी होती. कोरडी, स्वच्छ. पाण्यानं धुतलं असतं तर पाणी थेट आत उतरून सारा खेळ खलास झाला असता. हे मला तिथंच कळलं, पण राग काही गिळता येईना. सामान ताब्यात घेतल्याच्या पावतीवर तिचा अंगठा घेतला, तोही नुसतं बोटानं जागा दाखवून.

फोन जवळच्या सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात होता. लाइन खरखरत होती, त्यामुळं मला ओरडून बोलावं लागलं आणि दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून ऐकत राहिली.

"आरसा गेला असेल तर उड्डाण रद्द करू," प्रमुख म्हणाले.

"गेला नाही. आपण टिपतो त्या किरणांची लहर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी लांब आहे. हे ओरखडे तिच्या शंभराव्या हिश्श्याचेही नसतील. तिला ते कळणारसुद्धा नाहीत."

"आणि कळले तर?"

"तर मी गट सोडतो."

खाली ठेवलेल्या कॅनमधून वाट काढत मी बाहेर आलो. बोलून चुकलो असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

परतताना जीपमध्ये मात्र मला आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात वाशीकडच्या आमच्या गावी, आमच्या घरीही भांडी राखेनं कोरडीच घासली जायची. खडी फोडून आलेल्या आईला फडक्यातून राख गाळून द्यायचं काम माझं होतं. मला लाज वाटली. तरी मी ड्रायव्हरला गाडी मागं वळवायला सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत आम्ही दुर्बीण तापलेल्या पत्र्यावर रोखली. काटा पहिल्या उड्डाणाआधी जिथं थांबला होता तिथंच थांबला. तीन आठवड्यांनी त्याच आरशाला घेऊन फुगा वर गेला, ढग समोर आला आणि कागदावर रेघ मारणारी लेखणी चढत गेली. प्रमुखांनी तो कागद टेबलावर पसरून रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लिहायला घ्या."

शोधनिबंध झाला. शेवटच्या आभारांच्या ओळी मीच लिहिल्या. फुगा भरणारे, तारा जोडणारे, जीपचा ड्रायव्हर, सगळ्यांची नावं घातली. मग त्या बाईचं घालायचं म्हणून शेतातून सामान ताब्यात घेतल्याची ती पावती काढली. शेतमालक म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव होतं. सामान सांभाळणाऱ्याच्या जागी तिचा अंगठा होता, आणि त्यापुढची नावाची ओळ कोरी होती. पावती माझ्याच अक्षरात होती.