न चुकणारा गनर

मी सातवी पास. लिहिण्यात चुका असतील. पण विमानं पाडायच्या तोफेवर नऊ वर्षं काढलीत, तेवढं मला कळतं.

फौजेतून सुटून शिरगावात खोली घेतली होती. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असेल. मुलगा नोकरीला लागलेला. त्याने उल्हासनगरातून कॉम्प्युटर आणला. त्यात लढाऊ विमानांचा खेळ होता. मुलगा आपलं विमान घेऊन एका मोठ्या बॉम्बफेक्या विमानाच्या मागे लागायचा. त्याच्या शेपटीत गनर, म्हणजे बंदूक चालवणारा. त्याला कॉम्प्युटरच चालवायचा. मुलगा कसाही वळो, ढगात घुसो, गनरची पहिलीच फैर याच्या विमानावर.

"आबा, हा चुकतच नाही."

"खोटारडा आहे मेला," मी म्हटलं.

माझी बायको मेथी निवडत बघत होती. तिचा एकुलता एक धाकटा भाऊ, चामटोलीचा, माझ्याच तोफेवर गोळे भरायचा. लढाईत विमान आमच्यावर आलं. तो गेला, मी राहिलो. तोफ अडकली, असं मी तिला सांगितलं होतं. इतकी वर्षं तिने तेच खरं मानलं.

ती म्हणाली, "तुमची तोफ अशी चालली असती तर माझा भाऊ असता आज."

माझं डोकंच फिरलं. "अगं, हा काय माणूस आहे? याला घाम नाही, मुतायला होत नाही. खरं विमान अंगावर येतं तेव्हा आवाजानेच कान फुटतात. नेम किती पुढे धरायचा, सगळं विसरायला होतं. मान आपोआप खाली जाते, डोळे मिटतात. उघडेपर्यंत ते डोक्यावरून गेलेलं असतं!"

बोलून गेलो. मुलाने खेळ थांबवला.

"तोफ अडकली होती ना?" ती म्हणाली.

मी कॉम्प्युटरकडेच बघत होतो.

"अहो, तुम्हाला विचारते मी."

"नाही अडकली. मी डोळे मिटले."

ती उठली. मेथी धुतली, फोडणीला टाकली, मला वाढलंही.

भाऊ गेल्यापासून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. गच्चीत वारा फार, म्हणून निरांजनाला हाताचा आडोसा मी धरायचो. त्या वर्षी म्हणाली, "तुम्ही खालीच थांबा."

पुढे दरवर्षी एकटीच गेली. गेल्या पावसाळ्यात ती वारली. त्याआधीच्या दिवाळीत तिला जिना चढवत नव्हता. मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. एका हातात ताट, दुसरा भिंतीला, अशी बसत-उठत वर गेली.