चिमूट

फोनवर नातीच्या मेसेजखाली तो चित्रातला हात पहिल्यांदा दिसला, तेव्हा रखमाबाईंना कोणाला विचारावं लागलं नाही. बंद मूठ, अंगठ्याला शेजारचं बोट टेकलेलं. मुर्ध्याच्या मिठागरात जन्म काढलेल्या बाईला चिमूट कळणार नाही? मीठच ते. पोरीला कोणाची तरी नजर लागली असणार आणि आजीनं दृष्ट काढावी म्हणून ती खूण करत असणार.

चांदणी आईबापांबरोबर सिल्व्हर पार्कला राहायची. रिक्षानं येण्याइतकंच अंतर, पण येणं व्हायचं ते गणपतीत. नवरा गेल्यापासून मुर्ध्याच्या घरात रखमाबाई एकट्याच. त्यामुळे तो हात आला की त्यांना काम मिळायचं. फोन पाटावर टेकवून उभा करायचा, चांदणीचा फोटो उघडायचा, मीठमोहरी उतरवायची आणि तव्यावर टाकायची. मोहरी तडतडली की घरात कोणी बोलल्यासारखं वाटे.

एका सकाळी उत्तनची मार्सेलिन मासळीची पाटी घेऊन आली, ती दारातच थबकली.

"काय गो रखमा, फोनची दृष्ट काढतेस?"

"फोनची कशाला? नातीनं सांगितलंय. ही बघ, चिमूट."

मार्सेलिननं पाटी उतरवली आणि ती हसतच सुटली. "आगो येडे, मीठ न्हाय ते, बदाम हाय! बोटांचा बदाम. प्रेम हाय म्हनून धाडतात. आमची पोर ट्रेसी तर पाववाल्याला पन धाडते."

रखमाबाईही हसल्या. पण मुठीतलं मीठ कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना. म्हणजे इतके महिने पोरीनं आजीकडे काहीच मागितलं नव्हतं.

मीठ तसंच मुठीत ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं फोन तोंडाशी धरला आणि बोलून निरोप पाठवला. "चांदणी, या रविवारी येशील का गो? न्हायतर मीच येते."

उत्तर लगेच आलं. तोच हात. सोबत शब्द एकही नव्हता.

त्यांनी फोन मार्सेलिनपुढे केला. "हे व्हय हाय का न्हाय?"

मार्सेलिननं फोन डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला.

"बदाम हाय गो," ती हलक्या आवाजात म्हणाली आणि पाटीतले बोंबील उगाच वरखाली करत राहिली.