सुमनचा हसरा फोटो

चितेगावच्या भागीरथीआईनं मला जगवलं, हे आधी लिहिते. पुढचं आजवर कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळही नाही.

माझं माहेर तापीकाठी, यावलकडं. चौथीतून शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी मला दुसरेपणावर पडेगावात दिली. हे छावणीत शिवणकाम करायचे. ह्यांची पहिली बायको सुमन तापानं गेलेली. भागीरथीआई म्हणजे त्या सुमनची आई. रीतीप्रमाणं सवतीचा टाक — चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची मूर्त — तिनंच माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, "आता तू माझी लेक."

नुसतं म्हणाली नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेरचं कुणी आलं नाही. ही आली, सव्वा महिना राहिली. मला न्हाऊ घालताना हसायची, "खानदेशात नुसती वांगीच पोसतात व्हय गं? माणसं नाय?" इतकं केलं तिनं. आणि मी?

पेटी आवरताना कागदाखाली मला तो फोटो सापडला होता. लग्नानंतर छावणीत काढलेला. सुमन खुर्चीवर, हे शेजारी उभे. ती हसत होती — तोंडावर पदर धरायचंही भान नाही, असं. अन् हे? हे कॅमेऱ्याकडं बघतच नव्हते. तिच्याकडं बघत होते. आमच्या लग्नाचाही एक फोटो आहे. त्यात हे समोर बघतात, शाळेत उभं केल्यासारखे.

मेलेल्या बाईचा हेवा करतं का कुणी? मी केला. तिच्या दातांचा केला, तिच्या नव्या लुगड्याचा केला. पण सगळ्यात जास्त केला त्या नजरेचा. ती माझ्या वाट्याला कधी आली नाही. मी फोटो देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागं सरकवून दिला. ह्यांनी एकदा शोधला. मी नुसती मान हलवली.

बाळंतपण उरकून आई परत निघाली त्या दिवसाची गोष्ट. बाळाला माझ्या मांडीवर देत तिनं विचारलं, "पोरी, सुमीचा फोटो हाय म्हणं तुमच्याकडं. म्या कधी पाह्यलाच नाय. दाव की एकदा."

"हरवला, आई. घर सारवताना कुठं गेला, कळलंच नाही."

तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं. मग म्हणाली, "तू तर पाह्यला असशील. हसत व्हती का गं त्यात?"

ती का विचारते, मला ठाऊक होतं. सुमनला हे स्थळ नको होतं. लग्नात ती खांब धरून रडली होती. आईनं तिला बळंच बोहल्यावर चढवलं होतं. म्हाताऱ्या जिवाला एवढंच हवं होतं — लेक नांदली का, सुखानं नांदली का. माझ्या एका शब्दावर होतं ते. तो शब्द खराच होता, फुकटचा होता.

मी म्हणाले, "नाही. तोंड पाडून बसली होती."

का म्हणाले? ती आई आता माझी होती, म्हणून? नवरा तर सुमनचाच राहिला, निदान आई तरी सगळी माझी असावी — असं काही होतं का मनात? होतं. तेच होतं.

आईनं पुढं होऊन माझ्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला. त्याच्याकडं बघत म्हणाली, "सुमे, चुकले बाई. माफ कर मला." तिचा हात माझ्या गळ्याला लागत होता अन् मी हलले नाही. बोलले नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. अजून दर भेटीला ती तसंच करते — आधी माझ्या लेकरांना खाऊ, मग टाकाला हात, मग तेच दोन शब्द. तरी मी गप्पच. खरं बोलले तर ती मला टाकील, दुसरं माहेर कुठून आणू? ही भीती होती. पण हेवाही होता, अजून आहे.

आता मोतीबिंदूनं तिचे डोळे गेलेत. फोटो काढून हातात ठेवला तरी तिला दिसायचा नाही. मला तोंडानंच सांगावं लागणार, आणि आजवर का सांगितलं नाही तेही.

तुमचं देणं मोठं आहे, आई. एक दिवस चितेगावला येईन, तुमच्याजवळ बसून सांगीन — सुमन हसत होती, खूप हसत होती, आणि हे तिच्याकडंच बघत होते. शेवटचंसुद्धा सांगीन. गाळणार नाही.