तिबायच्या तोंडून एकही नाव नाही

तालिसायन गावच्या नदीकाठी सारसुएला रंगायची, म्हणजे आपलं गाण्याबजावण्याचं नाटक, तेव्हा नायिका देखणी असायची, नायक उंच, खलनायक मिशाळ आणि तिबाय कुणालाच न दिसणारी. रंगमंचाच्या पुढच्या काठाशी एक लाकडी खोकं असे. त्यात प्रिमितिवा दावालोस, म्हणजे तिबाय, कंदील घेऊन बसायची आणि नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजून पुरवायची. काय ते दिवस होते! भरती आली की पाणी पहिल्या रांगेच्या बाकांखाली शिरायचं आणि लोक पाय वर घेऊन गाणी ऐकायचे. एकदा राजाचं काम करणारा नोंग पिदियोंग (आपल्याकडे थोरल्या पुरुषाला नोंग, थोरल्या बाईला नांग म्हणतात) माडी ढोसून आला आणि अख्खं स्वगत गिळून बसला. तिबायनं ते शब्द शब्द करून त्याच्या कानात घातलं. टाळ्या राजाला पडल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांनी तिला घेरलं, "काल विसरलं कोण गं?"

"मला खोक्यातून नुसते पाय दिसतात," तिबाय म्हणाली. "पाय काही विसरले नव्हते."

पुढे सारसुएला बंद पडली. राजे मासेमारीला गेले, राण्या परदेशी धुणीभांड्याला गेल्या, आणि तिबायनं गावच्या आरोग्यसेविकेचं निळं जाकीट अंगात घातलं. पोरांची वजनं करणं, गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, गोळ्या पोचवणं. जाकीट कापितान, म्हणजे गावचा सरपंच, देतो आणि कापितानच काढून घेतो, ही आपल्याकडची पद्धत.

मग क्षयरोगाची सरकारी पाहणी आली. छातीचे फोटो काढणारी गाडी बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली उभी राहणार होती. जायला मात्र कुणी तयार नव्हतं. क्षय म्हटलं की आपल्या गावात माणसाचं ताट वेगळं होतं, पेला वेगळा होतो, आणि हळूहळू त्याची वाटही वेगळी होते. तिबाय दारोदार हिंडली. त्यात एक बाई होती, खाण्याचं काहीतरी करून विकणारी, नवरा नसलेली, पदरी शिकणारी मुलगी. तिचं नाव इथं येणार नाही, आणि ती काय विकायची तेही नाही.

"निघालं काही तर?" त्या बाईनं विचारलं.

"गोळ्या मिळतील. बरी होशील."

"ते नाही गं, नांग. लोकांना कळलं तर? माझ्या हातचं कोण खाईल?"

"तपासणीच्या कागदावर नंबर असतो. तुझं नाव नर्सला ठाऊक असेल आणि मला. माझ्या तोंडून ते बाहेर पडणार नाही."

"तुझं तोंड म्हणजे काय तिजोरी लागून गेली?"

"तिजोरी फोडता येते," तिबाय म्हणाली. "माझं तोंड फोडून बघ."

बाई हसली आणि आली. ती आली म्हणून शेजारीण आली, मग सगळी गल्ली. शहरातले डॉक्टर म्हणाले, एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या गावात आली नाहीत. ती आली होती तिबायच्या एका शब्दावर.

काही जणांना रोग निघाला. त्या बाईलाही निघाला. नर्सनं सांगितलं तसं तिनं पहिले काही आठवडे धंदा बंद ठेवला, बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं. आता गोळ्यांनी गुण आला होता. तिच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती उरली नाही, असं नर्स स्वतः म्हणाली होती. चूल पुन्हा पेटली. गावची फिएस्ता, म्हणजे वार्षिक जत्रा, तोंडावर आली होती आणि तिला मोठ्या मोठ्या घरांतून मागणी होती.

अशात कापितान इन्सोनं तिबायला कचेरीत बोलावलं. इन्सो वाईट माणूस नव्हे. आवाज मोठा, पोट मोठं, मनही तसं मोठंच.

"नांग तिबाय, खुशखबर! मेयरसाहेब क्षयाच्या रोग्यांना तांदूळ देतायत. घरटी एक पोतं. नावं सांग, भिंतीवर लावतो."

कचेरीची ती भिंत तालिसायनमध्ये देवळाइतकी महत्त्वाची. वादळानंतरचे पत्रे असोत की सार्डिनचे डबे, मदत घेणाऱ्यांची नावं तिथं लागायचीच. लपवाछपवी नको, पुढाऱ्यानं आपल्याच मेव्हण्याला दोनदा दिलं असं व्हायला नको, म्हणून गावानंच भांडून ही रीत पाडली होती. भिंतीवर नाव आलं की लोक त्यावर बोट ठेवून फोटो काढायचे.

"ही नावं भिंतीवर लागायची नाहीत, काप."

"का? तांदूळ कडू आहे?"

"तांदूळ गोड आहे. भिंत कडू आहे."

"अगं, चांगल्यासाठीच विचारतोय ना! मी काय त्यांना खाऊ?"

"तू नाही खाणार. गाव खाईल."

"पोतं हवं असेल तर नाव द्यावं लागेल."

"मग ज्याला हवंय तो स्वतः येऊन देईल. मी दुसऱ्याचं नाव देत नसते. ते माझ्या बापाचं नाही."

इन्सो दुखावला. आणि दुखावलेला मोठा माणूस जे करतो ते त्यानं केलं, पाळत ठेवली. गावचा राखणदार म्हणून आता आपला जुना राजा, नोंग पिदियोंगच होता. तिबाय गोळ्यांची पिशवी घेऊन कुठल्या दारात थांबते, एवढंच त्यानं बघायचं. पण राजा केळीच्या मागे लपला तरी त्याचा खोकला कुठे लपणार? तिबायनं पहिल्याच सकाळी ओळखलं.

"पिदियोंग, पाय दुखतील. चल की बरोबर!" ती ओरडली.

आणि त्या दिवसापासून ती प्रत्येक घरी थांबू लागली. तीच पिशवी, तीच पायरी, तीच कॉफी. ज्याला गोळ्या द्यायच्या त्यालाही तेवढाच वेळ, ज्याला काही द्यायचं नाही त्यालाही तेवढाच. कॉफी पिऊन पिऊन तिची झोप उडाली. पिदियोंगनं कापितानला जाऊन सांगितलं, "काप, तिच्या हिशेबानं सगळ्या गावाला क्षय आहे."

"सगळ्या?"

"तुमच्याही घरी थांबते."

ते खरंच होतं. इन्सोची बायको, नांग ओसांग, बडबडी. ती तिबायला उठू द्यायची नाही. पाळतीची बातमी आधीच फुटलेली, त्यामुळे गावही तिबायची पावलं मोजत होतं. हां हां म्हणता गावभर झालं की कापितानच्या घरात आहे. ओसांगच्या माहजोंगच्या डावातल्या मैत्रिणींना एकाएकी घरची कामं आठवू लागली. न्हाव्यानं इन्सोच्या मानेला नवा पंचा गुंडाळला आणि नंतर तो जाळला, असं म्हणतात.

इन्सोनं छपराखाली सभा भरवली. खुर्च्या गच्च भरल्या. त्यानं ध्वनिक्षेपक तिबायच्या हातात कोंबला. "सांग यांना! माझ्या घरात कुणाला काही नाही, हे सांग!"

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलेली ती बाई पहिल्यांदा माणसांकडे तोंड करून उभी राहिली. ध्वनिक्षेपक तिनं तोंडाशी धरला. आवाज स्वच्छ होता.

"नाही सांगणार."

"अगं, पण मला नाहीच आहे!"

"कुणाला आहे ते मी सांगत नाही. आणि कुणाला नाही, तेही सांगत नाही."

"हा काय हेकटपणा?"

"आज तुला नाही म्हटलं, तर उद्या शेजारी विचारेल, मला? परवा त्याच्या शेजारचा. ज्याच्या दाराशी मी गप्प बसेन, तो सापडला. आज एक नाव सोडवलं तर उद्या सगळी पकडून दिली." ती लोकांकडे वळली. "तुम्ही छाती उघडी करून त्या गाडीत उभे राहिलात. कुणाच्या भरवशावर? माझ्या. पुढच्या वेळी गाडी येईल तेव्हा कोण येईल सांगा!"

मागच्या रांगेत एक बाई उठू लागली. चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते. तिबायनं ते पाहिलं आणि ध्वनिक्षेपकात गर्जना केली, "खाली बसा सगळे! कुणी उठायचं नाही! आपलं नाव आपल्या मर्जीनं सांगावं, कुणी छळतंय म्हणून नाही!"

बाई बसली. आजूबाजूचे उठलेले चार लोकही बसले, त्यामुळे ती कोण ते कुणाला कळलं नाही.

"जाकीट काढ," इन्सो म्हणाला.

तिबायनं तिथंच जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. "खांद्याशी उसवलंय. पुढच्या बाईला सांग."

गोळ्या नर्स देत होती, कापितान नव्हे. तेव्हा तिबाय बिनजाकिटाची तशीच दारोदार फिरत राहिली. तिला अडवायचं कसं, हे इन्सोला सुचेना.

फिएस्ताच्या दिवशी आपल्याकडे घरांची दारं उघडी असतात; कुणीही कुठेही शिरून जेवावं. इन्सोच्या अंगणात मोठ्या कढईत डुकराचं मांस, फणस आणि काडिओस, म्हणजे तुरीचे दाणे, रटरटत होते. पानं मांडलेली होती. माणूस मात्र एकही नाही. लोक कुंपणाशी यायचे, ओसांगला हात करायचे आणि पुढच्या घरी वळायचे. ओसांग पाठ फिरवून डोळे पुसत होती.

तिबाय रस्त्यानं आली आणि सरळ आत शिरली. मधल्या खुर्चीत, सगळ्यांना दिसेल अशी बसली. "ओसांग, वाढ. हात आखडू नकोस."

ती जेवू लागली, बोटं चाटत. कुंपणापाशी लोक थबकले. मग ती बाई आत आली. कपाळावर चुलीची काजळी होती. तिबायशेजारी बसून तिनं पान पुढे ओढलं. मग पिदियोंग आला, तो भुकेला होताच. मग शेजारी, मग माहजोंगच्या मैत्रिणी, खाली मान घालून.

अंगण भरल्यावर इन्सो हळूच तिबायच्या कानाशी वाकला. "नांग, जाकीट परत देतो. तांदूळही, पाहिजे तर सगळ्या गावाला वाटतो. भिंत नाही, काही नाही. आता तरी एकदा म्हण ना यांना, मला नाही म्हणून."

"नाही," तिबाय म्हणाली आणि पान पुढे केलं. "फणस संपला का रे? थोडा घाल."