मावशीने उकळलेलं प्लायवुड

दुसऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवण्यात मावशीचं आयुष्य गेलं. गल्लीतली लहानथोर सगळी तिला मावशीच म्हणत. तिच्या मशीनसमोरच्या भिंतीत एक कोनाडा होता, आडवा आणि खोल. शिवताना डोळा लागला की तिला त्यात पाणी दिसायचं, आणि पाण्यात संथ फिरणारे मासे. शेवटी तिने मनावर घेतलं. त्या मापाची काचेची टाकी बाजारात मिळेना, म्हणून तीन बाजू आणि तळ प्लायवुडचे आणि समोर तेवढी काच, असं ठरलं.

"लाकडात पाणी?" नवरा म्हणाला. लिफ्ट चालवण्याच्या नोकरीतून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि घरात कुठे उभं राहावं हेच त्याला उमगत नव्हतं.

"होड्या मग कशाच्या असतात?"

दुकानात प्लायवुडवाला म्हणाला, "सगळंच वॉटरप्रूफ आहे, मावशी."

"म्हणजे डोळे मिटून उचलू?"

तो हसला. "खरं सांगू? तुकडे घरी न्या आणि दुपारभर उकळा. ज्याचे पदर सुटणार नाहीत, तो तुमचा."

एका तुकड्यावर तिचा जीव जडला. त्यावरच्या रेषा वाऱ्याने हललेल्या पाण्यासारख्या होत्या. दुसरा तांबूस, अगदी मख्ख चेहऱ्याचा.

मोठ्या पातेल्यात दोन्ही रटरटू लागले. नवऱ्याने झाकण उचललं. "मीठ घातलंस का?"

"चाखून बघा."

वाफेला ओल्या रानाचा वास होता. खिडकीच्या काचा धुरकटल्या, घर कुठेतरी तरंगत निघाल्यासारखं झालं. नवरा स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "लिफ्टमध्ये मला रोज वाटायचं, दार उघडेल आणि बाहेर समुद्र असेल."

इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता.

"मग?"

"मग काय! दरवेळी तिसरा मजलाच."

संध्याकाळी तिने सांडशीने तुकडे काढले. लाडक्या तुकड्याचे पदर भिजलेल्या पुस्तकासारखे सुटले होते. मख्ख तुकडा जसाच्या तसा.

"दिसण्यावर भाळले," ती खिन्नपणे म्हणाली.

"पहिल्यांदाच. माझ्या वेळी तरी भाळली नव्हतीस."

ती हसत सुटली. मग त्या मख्ख प्लायवुडचीच फळी आली. नवऱ्याने कापली, जोडली, आतून पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचे हात दिले. सिलिकॉनने काच तिने बसवली. पाणी भरून दोघं सांधे चाचपत बसली. एका कोपऱ्याला ओल लागली आणि तिने घाईने फडकं ओढलं. पण तो नवऱ्याच्या तळव्याचा घाम होता.

टाकी कोनाड्यात बसली. मासे आले ते मागच्या अंधारातच दडून बसले. एका शांत दुपारी मात्र एकेक करून काचेशी आले. मशीन थांबलं. नवरा स्टूल ओढून बसला. पडदे न्यायला आलेली बाई दारात थबकली, चपला काढून जमिनीवर टेकली. पडद्यांचं कुणालाच सुचलं नाही.