भासऱ्यांचा भोंगा

बालाघाटच्या घरात मी नऊ वर्षं नांदले, पण भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोलले नव्हते. रीतच होती तशी. भाजी अळणी झाली की ते भिंतीला सांगत, "भिंती, मीठ कमी आहे," आणि मी भिंतीच्या वतीनं मीठ वाढायची. आमच्या घरात त्या भिंतीइतकं कामाचं माणूस दुसरं नव्हतं.

भासरे भरवेलीच्या खाणीत फिटर. हाताला स्वस्थता म्हणून नाही. त्या वर्षी सासूबाईंचा गळा बसला तो बसलाच. काढे झाले, डॉक्टर झाले, आवाज काही परत आला नाही. हळदीची जुनी गाणी वस्तीत त्यांनाच येत, आणि त्यांच्या मागून म्हणून म्हणून मला. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. आईची गाणी तिच्याबरोबर सासरी तुमसरला गेलीच पाहिजेत, असं भासऱ्यांनी मनावर घेतलं आणि गाण्याची तबकडी कोरायचं यंत्र घरीच करायला बसले.

डब्याच्या पत्र्याचा भोंगा केला. त्याच्या बुडाशी अभ्रकाचा पापुद्रा, पापुद्र्याला सुई, सुईखाली बैहरहून आणलेल्या मेणाची तबकडी. विजेचं काम नाही. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं भोंग्यात तोंड घालून ओरडायचं. सुई थरथरेल तेवढंच मेणावर उठणार.

हँडल फिरवणार भासरे आणि ओरडणार मी, म्हणजे पंचाईतच. शेवटी दारात धोतर टांगलं आणि त्याला भोक पाडून भोंगा माझ्या बाजूला काढला. धोतर माझ्या नवऱ्याचं होतं, हे त्याला नंतर कळलं.

"भिंती, तिले सांग, जोरानं गाय."

लाजेनं माझा आवाज फुटेना. कशाबशा दोन ओळी म्हटल्या, तर पलीकडे हँडलच मंदावलं. माझं डोकं फिरलं. रीतभात विसरून मी भोंग्यात ओरडले, "अवो, हात हालवा न, झोपले काय?"

उरलेलं गाणं मी पुन्हा लाजत, पुटपुटतच संपवलं. मग लग्नाला आलेले सारे पाहुणे ऐकायला जमले. वाजवताना मेण खरवडलं जाऊ नये म्हणून भासऱ्यांनी सुई काढून बाभळीचा काटा लावला. गाण्याच्या जागी नुसती खरखर. आणि मग अगदी स्वच्छ: "झोपले काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई आवाज नसताना गदगदून हसत होत्या. पण मेण तेवढंच होतं आणि लग्न दुसऱ्या दिवशी. भासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी उठून धोतर ओढून काढलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

"झोपलो नोतो. मायचं गानं आयकत होतो. आता अशीच समोर बसून म्हन बाई, अन् हिलेही शिकव."

नणंद मला खेटून बसली. मी गायले. सासूबाई शब्दाशब्दाला ओठ हलवत होत्या. भासरे सगळ्यांदेखत रडायला लागले. मी पाहिलं, पण थांबले नाही.